फायनल संपेपर्यंत सासूबाई

सगळ्याचं मूळ एका कप कॉफीत आहे. दुकानदाराच्या तोंडाला एक वाईट सवय असते, निघालेल्या माणसाला ते थांबवतं. "एवढ्यात कुठं निघालात, बसा की," हे वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना म्हणत आलोय, आणि एक अंडं घ्यायला आलेली बाई त्या वाक्यापायी तांदूळ, तेल आणि सलामी सॉसेजचा तुकडा घेऊन परत गेलेली आहे. पण जानेवारीतल्या त्या संध्याकाळी तेच वाक्य मी माझ्या सासूबाईंना म्हणालो. (माणूस धंद्यात मुरला की जीभ त्याची राहत नाही, धंद्याची होते.)

सासूबाई म्हणजे दोन्या एर्मिनिया. त्या डोंगरातल्या आपल्या गावाहून आमच्या शहरात, सान्तियागोला, उतरल्या होत्या, कारण त्यांच्या नातीला, म्हणजे आमच्या योकास्ताला, नववा महिना लागला होता. तिच्यासाठी ओल्या तुरीचे दाणे आणले होते. तिला आशीर्वाद देऊन झाला, माझ्या दुकानाच्या मांडणीत चुका काढून झाल्या, आणि त्या शेवटच्या बसला निघाल्या होत्या. मी "बसा की, कॉफी तरी घ्या" म्हणालो, आणि सासूबाई बसल्या. त्याही माझ्या डुलत्या खुर्चीत.

आमचं फारसं जमत नव्हतं. मी नेरेइडाला मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काय विकतोस?" मी म्हणालो, "सध्या मीठ आणि साखर." त्या नेरेइडाकडं वळून म्हणाल्या, "म्हणजे पाऊस आला की संपला." तेव्हापासून त्यांच्या नजरेत मी विरघळत आलोय.

तर त्या बसल्या तेव्हा टीव्हीवर बेसबॉलच्या फायनल मालिकेतला पहिला सामना चालू होता. आमच्याकडे माणसाला देव एक आणि रंग एक. सान्तियागोचा पिवळा, राजधानीचा निळा. मी जन्मानं पिवळा. नेरेइडा लग्नानं पिवळी. योकास्ता माझ्या आवाजापायी पिवळी, आणि तिचा नवरा विल्किन, जो आमच्याच घरी राहतो आणि ज्याला खरं म्हणजे बास्केटबॉल आवडतो, तो भीतीनं पिवळा. बेसबॉलवर माझी मतं पुष्कळ आहेत आणि ती मी सगळ्यांना फुकट देतो. माझ्या दुकानात फुकट मिळणारी तेवढी एकच वस्तू.

त्या दिवशी आम्ही तीन धावांनी मागं होतो आणि शेवटची इनिंग होती. तिन्ही बेसवर आमचे गडी, पण दोघे आउट, तिसरा गेला की खेळ खल्लास. मला खुर्ची नव्हती म्हणून मी बिअरचा रिकामा क्रेट उलटा टाकून बसलो. योकास्ता बुटक्या स्टुलावर, सुजलेले पाय पाण्याच्या टबात सोडून. नेरेइडा स्वयंपाकघराच्या दारात, हातात चीज तळायचा झारा. विल्किन फ्रिजचं दार उघडून काहीतरी शोधत उभा. सासूबाईंनी कपाला ओठ लावले मात्र, आणि चेंडू गेला. भिंतीवरून, दिव्यांवरून, मला वाटतं गावावरूनही गेला. चार धावा. आम्ही जिंकलो.

सासूबाई म्हणाल्या, "कॉफीत साखर कमी आहे," आणि बस पकडून गेल्या.

दुसरा सामना आम्ही हरलो. इतके वाईट हरलो की माझ्या दुकानापुढं रोज डोमिनो खेळणारा मोन्चो, ज्याला त्याची बायको ओरडून घरी नेऊ शकत नाही, तो आपण होऊन सोंगट्या डब्यात भरून घरी गेला.

मी हिशेबी माणूस. सगळं तेच होतं, फक्त एक माल कमी होता. मी नेरेइडाला म्हणालो, "उद्या सकाळी तुझ्या आईला आणायला जातो."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाहीये," मी म्हणालो.

"मग बोलवायला जाणार कशाला? गेल्या वर्षी ती यायची म्हणाली तर तुम्ही पुलाला तडे गेलेत म्हणून सांगितलं होतं."

"पूल दुरुस्त झाला," मी म्हणालो आणि सकाळी पिकअप काढली.

सासूबाई ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. आमच्याकडे भांडायला गेलेला माणूससुद्धा आधी आशीर्वाद मागतो. मी म्हणालो, "आशीर्वाद द्या."

"देव तुझं भलं करो. कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग तू का आलास?"

मी सांगितलं, की तुमची फार आठवण येते, योकास्ताचे दिवस भरत आलेत, घरात वडीलधारं माणूस हवं. त्या शेंगा सोलत राहिल्या. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे तत्त्व मी अर्ध्या बाजाराला शिकवलंय. तिथं मी आधी बोललो, मधे बोललो, आणि शेवटी बेसबॉलचं खरं कारणही मीच सांगून टाकलं.

"म्हणजे मी बसले की ते जिंकतात," सासूबाई म्हणाल्या.

"तसं नाही अगदी..."

"आणि मी उठले की?"

मी गप्प बसलो. (गप्प बसायची ती वेळ नव्हती. पण माझं तसंच होतं.)

मग त्यांच्या अटी सुरू झाल्या. डुलती खुर्ची त्यांची. टीव्हीवर आल्ताग्रासियामाई या आमच्या देवमातेची तसबीर आणि पुढं मेणबत्ती. जाहिराती लागल्या की आवाज बंद, तेवढ्यात त्या जपमाळ ओढणार. कॉफी बिनटवक्याच्या कपात. आणि त्यांच्यासमोर एकही वाईट शब्द नको.

"सासूबाई, फायनल आहे," मी म्हणालो. "पंच आहेत. पंचांना काय म्हणायचं?"

"तुझं एवढं मोठं दुकान आहे. त्यातलं काहीतरी म्हण."

म्हणून त्या फायनलमध्ये पंच चुकला की मी ओरडायचो, "अरे खारवलेल्या माशा." आमच्या पिचरनं घाण चेंडू टाकला की, "टोमॅटोची फुटकी पुडी." पहिल्या दिवशी विल्किन हसून हसून फ्रिजमध्ये डोकं आपटून घेऊ लागला. दोन दिवसांनी अख्खी गल्ली खिडक्यांतून खारवलेला मासा म्हणून ओरडत होती आणि माझ्याकडचा खारवलेला मासा संपला. (धंद्यात काय कधी चालेल सांगता येत नाही.)

सासूबाईंबरोबर बाकीचीही मांडणी पक्की करावी लागली. पहिल्या दिवशी जो जिथं होता तो तिथंच. मी घरात सगळ्यांसमोर नियम सांगितला: जिंकणारी मांडणी हलवायची नाही. आमची बॅटिंग आली की नेरेइडा झारा घेऊन दारात, मग तव्यावर काही असो वा नसो. योकास्ताचे पाय टबात. विल्किन उघड्या फ्रिजपुढं. तो बिचारा तीन सामन्यांत सर्दीनं पिचला.

"बाबा, माझ्याऐवजी दुसरं कुणी उभं राहिलं तर चालेल का?"

"होमरन कोण उभं होतं तेव्हा गेला?"

"मीच. पण मी पाणी बघत होतो."

"मग बघत राहा."

एकदा त्याला शिंक आली, दार लागलं आणि तो सामना आम्ही हरलो. त्यानंतर त्याला बोलावं लागलं नाही. योकास्तानंच त्याच्या गळ्यात मफलर बांधला.

आणि मी? मी क्रेटवर. बिअरच्या क्रेटला चौकोनी भोकं असतात. त्यांची नक्षी माझ्या शरीरावर अजून आहे, कुठं ते सांगत नाही. शेवटच्या सामन्याचं तिकीट घेऊन मोन्चो आला होता. सामना आमच्याच मैदानावर, रविवारी दुपारनंतर, जो जिंकेल त्याचा कप.

"चल, एक जास्तीचं आहे," तो म्हणाला.

"मला क्रेट सोडता येणार नाही."

मोन्चोनं क्रेटकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं, मेणबत्तीकडं बघितलं. "मग मीही इथंच थांबतो," म्हणाला. "तिथं नुसता बेसबॉल असेल." आणि दोन्ही तिकिटं पुतण्यांना देऊन आला.

शेवटच्या सामन्यात आमचा पिचर असा टाकत होता की निळ्यांच्या बॅटी म्हणजे भिंतीला टेकवलेले झाडू. आम्ही एका धावेनं पुढं. आणि सातव्या इनिंगमध्ये आमच्या मॅनेजरनं त्याला काढला. नीट टाकणाऱ्या माणसाला काढला. गल्ल्यावर हात चांगला चाललेल्या पोऱ्याला तुम्ही ऐन गर्दीत जेवायला पाठवता का? नव्या पिचरनं येऊन दोन धावा देऊन टाकल्या. मी दुकानातला सगळा माल त्या मॅनेजरच्या नावानं मोजला, साबणापर्यंत आलो, तेवढ्यात योकास्ता म्हणाली, "बाबा, ही आपली बॅटिंग संपली की मला दवाखान्यात न्याल का?"

सगळे तिच्याकडं वळले. जाहिराती लागल्या होत्या, त्यामुळं टीव्ही मुकाच होता.

"कळा येतायत?" नेरेइडानं विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पाचव्या इनिंगपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"पिचर चांगला टाकत होता," योकास्ता म्हणाली.

मला एक क्षण इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. दुसऱ्या क्षणाला तिचा चेहरा दिसला. ओठ पांढरे झाले होते, स्टुलाच्या कडेला तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. आठ महिन्यांची असताना योकास्ता अशीच आवाज न करता तापली होती, तेव्हा मी तिला तांदळाच्या पोत्यावर झोपवून गिऱ्हाईक करत होतो.

"उठा सगळे," सासूबाई म्हणाल्या. "तेओफिलो, गाडी काढ."

मी उठलो. उठलो मात्र, आणि योकास्तानं माझी पँट धरली. "बाबा, मांडणी."

"मरू दे मांडणी, पोरी."

"मरू दे म्हणू नका. मी एवढं पाचव्यापासून धरून ठेवलंय ते काय उगाच? सगळे तसेच चला, नाहीतर मी उठत नाही."

बाळंत होणाऱ्या बाईशी वाद घालू नये, आणि माझ्या लेकीशी तर एरवीही घालू नये. आम्ही पिकअपमध्ये जशीच्या तशी बैठक मांडली. मागं मधोमध डुलती खुर्ची, खुर्चीत सासूबाई, मांडीवर तसबीर. त्यांच्या डाव्या हाताला नेरेइडा झारा घेऊन. फ्रिज नेता येईना, म्हणून विल्किननं दुकानातली बर्फाची पेटी उचलली आणि तिचं झाकण उघडं धरून बसला. त्याच्यासमोर मी, क्रेटवर. पुढं योकास्ता, पाय टबात. गाडी मोन्चोनं चालवायची ठरलं, कारण तोच एक मांडणीबाहेरचा.

"हळू चालव," मी म्हणालो.

"जोरात चालव," सासूबाई म्हणाल्या.

मोन्चोनं माझ्याकडं बघितलंही नाही.

फायनलच्या वेळी आमच्या शहरात रस्त्यावर कुत्रंही नसतं. गाडीतल्या रेडिओचा आवाज आणि घराघरांतल्या टीव्हीचा आवाज एकच होता, त्यामुळं एकही चेंडू चुकला नाही. वळणावर सासूबाईंची खुर्ची पुढं गेली, मी क्रेटसकट मागं गेलो, टबातलं पाणी मोन्चोच्या बुटात गेलं. मोठ्या चौकात पोलिसानं शिट्टी मारली. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"हे काय आहे?"

"बाळंत व्हायला आलेली बाई आहे," मी म्हणालो.

"ही?" त्यानं सासूबाईंकडं बोट केलं.

"जीभ सांभाळ," सासूबाई म्हणाल्या. "बाळंत होणारी पुढं आहे. मी फायनलसाठी आहे."

पोलिसानं डोकं खाजवलं. मग त्याला विल्किनची पेटी दिसली. "बर्फ वितळतोय," म्हणत त्यानं चांगुलपणानं झाकण लावलं. रेडिओवर त्याच क्षणी आमचा गडी आउट झाला.

आम्ही सगळ्यांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं दोन बोटांनी झाकण पुन्हा उघडलं, मोटारसायकलवर बसला आणि भोंगा वाजवत आमच्यापुढं दवाखान्यापर्यंत आला.

दारात योकास्ताला चाकांच्या खुर्चीत बसवलं. आत एक नवरा आणि एक बाई, एवढ्यालाच परवानगी. नेरेइडानं झारा माझ्या हातात दिला आणि लेकीमागं जायला निघाली, तोच योकास्ता म्हणाली, "आई, तू रडशील. आजीला येऊ दे." नेरेइडा तिथंच रडू लागली, म्हणजे पोरीचं म्हणणं बरोबर होतं. सासूबाई खुर्चीसकट निघाल्या. राखणदार म्हणाला, "खुर्ची नेता येणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "मग तू मला उचलून धर." खुर्ची आत गेली.

मी खिडकीखाली फुटपाथवर क्रेट टाकून बसलो. एका हातात झारा, एका हातात, विल्किन आत गेल्यामुळं, बर्फाच्या पेटीचं झाकण. आतून योकास्ताचा आवाज आला. तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. शपथेवर सांगतो, त्या वेळी मला स्कोअर आठवत नव्हता. मी खिडकीखालून ओरडलो, "पोरी, मी इथंच आहे." आतून ती ओरडली, "बाबा, स्कोअर काय?"

शेवटची इनिंग. एक धाव मागं. दोन गडी बेसवर, दोन आउट. मोन्चो शेजारी लावलेल्या गाडीतल्या रेडिओला कान लावून सांगत होता आणि मी खिडकीतून आत सांगत होतो. पिचरनं हात मागं नेला, आणि रेडिओ बंद पडला. टबातलं पाणी मोन्चोच्या बुटातच नाही, आणखी कुठंतरी गेलं होतं.

काही क्षण काहीही ऐकू आलं नाही. मग सगळं शहर फुटलं. भोंगे, पातेली, घंटा, फटाके. वरच्या मजल्यावरच्या नर्सा खिडक्यांतून उशीचे अभ्रे फडकवू लागल्या. मोन्चोनं पोलिसाचा मुका घेतला. आणि त्या सगळ्या गोंधळातून एक बारीक, संतापलेला आवाज आला, पंचाचा निर्णय न पटल्यासारखा.

"मुलगी," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "दोघी ठणठणीत आहेत. आणि तू झारा खाली ठेव आता."

नेरेइडा आत धावली. मीही आत जाणारच होतो, पण आधी परत क्रेटवर बसलो. तिथं मी रडलो, आणि रडताना कुणी बघू नये म्हणून मोन्चोला समजावून सांगू लागलो, की जिंकलो हे ठीक, पण तो पिचर काढायला नको होता. चांगला टाकणारा हात थंड करायचा नसतो. एकदा बाहेर बसवला की घाम वाळतो, घाम वाळला की मनात शंका येते. मी सविस्तर सांगितलं. मोन्चो तिथंच पोलिसाच्या खांद्यावर पेंगला. आतलं रडणं थांबलं.

मग मी आत गेलो. सासूबाई डुलत्या खुर्चीत, मांडीवर गाठोडं. गाठोड्याला माझं नाक होतं. मी वाकून म्हणालो, "ये गं माझी पिवळी." तिनं एक डोळा उघडला, मला बघितलं आणि छत फाटेल एवढी रडली.

"मघाशी गप्प झाली तेव्हा तू कुठं होतास?" सासूबाईंनी विचारलं.

"खिडकीखाली."

"कशावर?"

"क्रेटवर."

"काय करत होतास?"

"मोन्चोला सांगत होतो, पिचर का काढायला नको होता ते."

सासूबाईंनी योकास्ताकडं बघितलं. योकास्तानं विल्किनकडं बघितलं. विल्किननं, ज्याला मी तीन सामने थंडीत गारठवला होता, माझ्यासाठी बाहेर जायचं दार उघडून धरलं.

"अहो, फक्त आजच्यापुरतं," नेरेइडा म्हणाली.

आता ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आलाय, घरात गोड राजम्याची खीर शिजतेय, आणि सासूबाई आमच्याकडेच आहेत. दोनदा मी त्यांना बसच्या वेळा विचारल्या. "जिंकणारी मांडणी हलवायची नाही, हे कोण म्हणालं होतं?" असं त्या विचारतात, आणि घरातले सगळे माझ्याकडं बोट दाखवतात. पोर त्यांच्या मांडीवर डुलत असते. मी दिवेलागणीला दुकानाबाहेर खिडकीखाली क्रेट टाकतो आणि सुरू करतो: चांगला टाकणारा हात थंड करायचा नसतो. घाम वाळतो. शंका येते. पोरगी झोपते. विल्किन झोपतो. मोन्चोची मान डोमिनोवर पडते. एक शेजारीण तिचं दात येणारं मूल घेऊन येऊ लागलीय, तिला म्हणे डॉक्टरांच्या थेंबांनी गुण नव्हता.

पण चाळीस वर्षं बेसबॉल बघितलेल्या माणसाकडं एकच मत नसतं. परवा मला राहवेना. पोरगी मोठी होतेय, तिला खेळाचं सगळं अंग कळायला हवं, असा विचार करून मी चोरून दुसरं बेस राखणाऱ्यानं कुठं उभं राहावं यावर बोलू लागलो. दोन वाक्यं झाली असतील. आतून भोकाड.

"तेओफिलो," सासूबाईंचा आवाज आला, "नवी मतं गिऱ्हाइकांना दे. पोरीला तेच दे."